आधी कोणता भाग बदलायचा?

सात-आठ वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला, गेम खेळायचा म्हणून जरा दणकट बनवून घेतलेला संगणक आज बऱ्याच घरांत आहे. तो बंद पडलेला नाही, पण धड चालतो असंही म्हणता येत नाही. बटण दाबून चहा घेऊन यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. नवा गेम टाकला की चित्र अडखळतं, ऐन मोक्याला थिजतं आणि पोरगं टेबलावर मूठ आपटतं. मग घरात विषय निघतो, की यात काहीतरी नवीन टाकायला हवं. हाताशी असतात पंधरा-वीस हजार रुपये. एवढ्यात सगळंच बदलता येत नाही. मग आधी काय बदलायचं? आज त्याबद्दलच बोलू.

कविता लिहिणाऱ्या, बी.ए. झालेल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं कुणी विचारील. नव्वदच्या दशकात आपल्या बुलडाणा जिल्ह्यात डीटीपीची दुकानं निघाली, तेव्हा पोटासाठी मी काही वर्षं अक्षरजुळणीचं काम केलं. दिवसभर लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं, रात्री उरलेल्या वेळात स्वतःच्या कविता. संगणक बिघडला तर मेकॅनिक अकोल्याहून यायचा, त्याची वाट पाहण्यापेक्षा डबा उघडून पाहिलेला बरा, अशी सवय लागली. तेव्हा सोळा एमबी रॅम असलेला माणूस श्रीमंत समजला जाई. आज त्याच्या पाचशे बारा पट, म्हणजे आठ जीबी रॅमही पुरत नाही. काळ बदलला, पण डब्याच्या आतली विभागणी मात्र फारशी बदललेली नाही.

दुकानात विचारा, उत्तर ठरलेलं आहे : ग्राफिक्स कार्ड बदला. मुलाच्या मित्रांना विचारा, तेच. हे उत्तर नेहमी चुकीचं असतं असं नाही, पण संगणकाकडे न पाहता दिलेलं असतं. बैलजोडीत एक बैल दांडगा आणि दुसरा थकलेला असला, तर तास वाकडं जातं आणि चाल थकलेल्या बैलाचीच राहते. दांडग्याच्या जागी आणखी दांडगा जुंपून काय उपयोग? आधी थकलेला कोणता, ते ओळखायला हवं.

त्यासाठी गेम चालू असताना आत काय चाललेलं असतं, ते थोडं समजून घेऊ. पडद्यावर आपल्याला हलतं चित्र दिसतं, ती खरं तर भराभर बदलणारी स्थिर चित्रं असतात. साधा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका चित्राला मिळतो साधारण सोळा-सतरा मिलिसेकंदांचा वेळ. तेवढ्यात प्रोसेसरला ठरवायचं असतं की शत्रू कुठे आहे, गोळी कुठून सुटली, भिंत मध्ये येते की नाही. मग हा सगळा हिशेब ग्राफिक्स कार्डाकडे जातो आणि ते कार्ड वीस लाखांहून जास्त ठिपके रंगवून चित्र तयार करतं. दोघांपैकी एकालाही उशीर झाला, तर चित्र उशिरा येतं. उरले रॅम आणि डिस्क. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा ऐसपैस असला तर सगळं हाताशी राहतं. लहान असला तर स्वयंपाक करणारीला दर मिनिटाला कोठीत जावं लागतं, आणि कोठी लांब असली तर बघायलाच नको. जुनी, फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क म्हणजे ती लांबची कोठी. तिच्यात एखादी गोष्ट शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात. एसएसडीत तेच काम त्याच्या शंभराव्या हिश्शात किंवा त्याहूनही लवकर होतं.

आता परीक्षा. तिला पैसा लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड हे चौघंही किती कामात आहेत ते दिसतं. मुलगा जो गेम रोज खेळतो तोच अर्धा तास खेळू द्यावा, आणि मग हे पान पाहावं. ग्राफिक्स कार्ड सतत सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर असेल, तर थकलेला बैल तो. कार्ड साठ टक्क्यांवर निवांत असेल आणि तरी चित्र हळू असेल, तर प्रोसेसरकडे बघावं. इथे मात्र एक फसवणूक आहे. प्रोसेसरचा आकडा चाळीस टक्के दिसतो आणि आपण म्हणतो, हा तर मोकळाच आहे. पण सहा कोअरपैकी एका-दोघांवरच गेमचा मुख्य भार असतो. ते दोघं घामाघूम आणि बाकीचे बसलेले, अशी सरासरी ती चाळीस. म्हणून आलेखावर माउसचं उजवं बटण दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख बघावा.

याहून सोपी एक युक्ती आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणायचा. रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात. त्यामुळे गेम एकदम पळायला लागला, तर अडचण कार्डाची होती. काहीच फरक पडला नाही, तर कार्ड बिचारं निर्दोष आहे, प्रोसेसर मागे पडतोय. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, आणि पंधरा हजारांचं कार्ड घेण्याआधी तो कुणी करत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

दुखण्याच्या तऱ्हेवरूनही बरंच कळतं. सगळा खेळच एकसारखा संथ चालत असेल तर कार्ड किंवा प्रोसेसर. खेळ चांगला चालतो, पण नव्या भागात शिरलं की गचका बसतो, तेव्हा बहुतेक रॅम भरलेली असते आणि डिस्क धापा टाकत असते. आणि पहिली वीस मिनिटं छान, नंतर रडगाणं, असं असेल तर कारण उष्णता.

उष्णतेवर जरा थांबायला हवं. आपल्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावर आणि घाटाखाली. बुलडाणा, चिखलीकडे मे महिन्यातही रात्री जरा गारवा येतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि बंद खोलीत रात्रीसुद्धा जीव घाबरा होतो. संगणकाचा पंखा थंड हवा तयार करत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही साधारण दहा अंशांनी तापते. बहुतेक इंटेल प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतात. त्यात आपल्याकडची धूळ. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या वस्तीत हवेत तंतू उडत असतात, आणि ते पंख्यामागच्या पात्यांत जाऊन नमदा जमवतात. तो नमदा मी हातानं सोलून काढलेला आहे.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी साफसफाई. वीज बंद, वायर काढलेली, मग मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरतो आणि खराब होतो. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मधली थर्मल पेस्ट सात-आठ वर्षांत वाळून खडू झालेली असते. ती पुसून नवी लावावी. खर्च काही शेकड्यांत. यानंतरही पुष्कळदा खरेदीची गरज राहते, पण निदान परीक्षा तरी खरी होते.

आता एक घरचं उदाहरण सांगतो, म्हणजे क्रम कसा लागतो ते लक्षात येईल. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बी.एस्सी.ला आहे. त्याचा संगणक २०१८चा. प्रोसेसर इंटेलचा आय ५-८४००, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय हे चार जीबीचं कार्ड, आणि कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस. या यंत्रावर तो खेळतो, हे खरं. पण गेल्या दोन वर्षांपासून लग्नाचे व्हिडिओ एडिट करून तो कॉलेजची फीही भरतो. त्याच्याकडे आणि त्याच्या आईकडे मिळून अठरा हजार होते. त्यातले निम्मे तिच्या शिलाईचे. तो म्हणाला, "मामू, नवं कार्ड घेऊ, म्हणजे एडिटिंगपण पळेल." ती म्हणाली, "भाईजान, एवढ्या पैशात माझ्या मशीनला मोटर बसून उरतील. तुम्ही बघा आणि खरं काय ते सांगा."

बघितलं. नव्या मोठ्या गेममध्ये कार्ड शंभर टक्के भरत होतं, त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण तो रोज खेळतो त्या व्हॅलोरंटला ते कार्ड पुरत होतं. गचके बसत होते ते रॅम पंचाण्णव टक्के भरल्यामुळे आणि डिस्क शंभरावर अडकल्यामुळे. एडिटिंगमध्ये तर कार्डापेक्षा डिस्कच रडत होती. आणि मग मी एसएमपीएसचं लेबल वाचलं.

हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन संगणकाला पचेल अशी करून देणारा डबा. त्याच्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं. पण प्रोसेसर आणि कार्ड जगतात ते बारा व्होल्टच्या वाटेवर. लेबलाच्या बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. त्या डब्यावर अठरा होते. बारा गुणिले अठरा, म्हणजे दोनशे सोळा वॅट. भाच्याच्या मनात होतं आरटीएक्स ३०६०. ते कार्ड एकटंच एकशे सत्तर वॅटपर्यंत ओढतं आणि प्रोसेसर पासष्टचा. दोन्हींची बेरीज दोनशे पस्तीस. पंखे, डिस्क वेगळे. जुनं १०५० टीआय मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या पंचाहत्तर वॅटमध्ये भागवत होतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नवं कार्ड त्या डब्यावर लावलं असतं, तर चांगल्यातल्या चांगल्या परिस्थितीत संगणक खेळाच्या मध्ये बंद पडला असता. वाईट परिस्थितीत एसएमपीएस जाताना सोबत मदरबोर्ड आणि नवं कार्ड घेऊन जातो. त्यात आपल्याकडची वीज. रब्बीत रात्री शेतीपंप सुरू झाले की खेड्यातला दिवा मिणमिणतो, आणि लाईन परत येताना झटका देते. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आधी वायरमन बोलवावा, संगणकवाला नंतर.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीए असं लिहिलेला घरगुती यूपीएस प्रत्यक्षात तीनशे साठ वॅटच्या आसपास देतो. मोठं कार्ड लावल्यावर लाईट गेली की तो किंचाळून बंद होतो आणि लोक म्हणतात, बॅटरी गेली.

तर भाच्याच्या बाबतीत क्रम असा लागला. पहिला, नावाजलेल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस. दुसरी, एसएसडी. त्याच्या मदरबोर्डवर एनव्हीएमईची खाच नव्हती, म्हणून साध्या साटा केबलची घेतली. एनव्हीएमई कागदावर सहापट वेगवान दिसते, पण हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला खरी उडी जाणवते ती एसएसडीवर आल्याची. साटा की एनव्हीएमई हा फरक खेळात फारसा कळत नाही. संगणक सुरू व्हायला दोन मिनिटांच्या वर लागायची, आता वीसएक सेकंद लागतात. तिसरी, रॅमची दुसरी पट्टी. रॅमच्या पट्ट्या एकापेक्षा दोन असाव्यात, कारण प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा दोन असतात. एकच पट्टी असेल तर एक वाट रिकामी राहते. सोळा जीबीची एक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, त्या याच कारणानं. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डवर दुसरी आणि चौथी वापरतात, पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

रॅमच्या बाबतीत सध्याचा काळ वाईट आहे, हे सांगायला हवं. दोन-तीन वर्षांपूर्वी मी डोळे मिटून सांगितलं असतं, की रॅम स्वस्त आहे, ती आधी टाका. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची प्रचंड खरेदी सुरू केली आणि भाव चढले. कारखाने त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मायक्रॉन या कंपनीनं तर डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केलं, की आपल्याकडे घरोघरी पोचलेला क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा व्यवसायच आपण बंद करणार. अमेरिकेतल्या कारखानदाराचा निर्णय आणि खामगावातल्या पोराची पट्टी महाग. जुन्या, डीडीआर ४ जातीच्या पट्ट्याही यातून सुटल्या नाहीत. म्हणून भाच्यासाठी बंद पडलेल्या संगणकातून काढलेली पट्टी शोधली. रॅम झिजणारी वस्तू नाही, तपासून जुनी घ्यायला हरकत नसते. तपासायला विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय आहे. रात्रभर चालवायची.

जुन्या ग्राफिक्स कार्डाचं मात्र तसं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला जुनी कार्डं ढिगानं दिसतात. २०२०-२१मध्ये लोकांनी इथेरियम हे आभासी चलन तयार करायला कार्डं रात्रंदिवस जुंपली होती. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती बाजारात आली. त्यातली कित्येक अजून फिरताहेत. पंखे झिजलेले, मेमरी तापून निघालेली. समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवल्याशिवाय जुनं कार्ड घेऊ नये. आणि वयही बघावं. एनव्हिडियानं जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवले. त्यापुढे फक्त सुरक्षेपुरते, तेही ऑक्टोबर २०२८पर्यंत. भाच्याचं १०५० टीआय त्याच मालिकेतलं, म्हणजे ते बदलावं लागणारच आहे. पण ते दिवाळीनंतर, त्याच्या स्वतःच्या लग्नसराईच्या कमाईतून. एसएमपीएस तोवर तयार बसलेला आहे. घेईल तेव्हा आठ जीबीहून कमी मेमरीचं घेऊ नकोस, एवढं बजावलं आहे.

दरम्यान फुकटचे उपाय. गेममध्ये सावल्यांची प्रत एक पायरी उतरवली तर चित्र फारसं बिघडत नाही आणि कार्डाचा श्वास मोकळा होतो. एएमडीनं २०२१मध्ये आणलेलं एफएसआर नावाचं तंत्र अनेक गेममध्ये असतं आणि ते दुसऱ्या कंपनीच्या जुन्या कार्डावरही चालतं. ते चित्र लहान रंगवून मोठं करून दाखवतं. शिवाय प्रत्येक चांगला गेम राक्षसी यंत्र मागतो असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये काढलेला 'राजी' बघा. राजस्थानी चित्रांचे रंग, पुराणातले देव-दैत्य, आणि जुन्या कार्डावर चित्र थोडं उतरवून खेळता येतो. भाषेच्या माणसाला त्यातलं निवेदनही आवडावं.

राहिला प्रोसेसर. तो सहसा शेवटी, कारण तो एकटा येत नाही. इंटेलचा जुना मदरबोर्ड एक-दोन पिढ्यांपलीकडचा प्रोसेसर घेत नाही. एएमडीचं एएम ४ हे सॉकेट त्या मानानं उदार. २०१७च्या रायझनवाल्या बऱ्याच मदरबोर्डवर बायोस अद्ययावत करून ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. असा मदरबोर्ड असेल आणि परीक्षेत प्रोसेसर मागे पडलेला दिसला असेल, तर जरूर बदला. नसेल, तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर ५ची महागडी रॅम असे तिघं एकदम घ्यावे लागतात. तो जवळजवळ नवाच संगणक झाला.

इथे विंडोजचा प्रश्नही येतो. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला निरोप दिला. सुरक्षेची वाढीव मुदत आहे, पण घरगुती वापरासाठी ती फक्त ऑक्टोबर २०२६पर्यंतची. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आपलं यंत्र सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं असेल, तर त्याच्यात मोठी रक्कम घालू नका. एसएसडी घाला, ती पुढच्या संगणकात काढून लावता येते. एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्डही सोबत नेता येतं. यंत्र आठव्या पिढीचं असूनही 'चालणार नाही' असा संदेश येत असेल, तर घाबरू नका. टीपीएम बहुधा आतच असतं, फक्त बंद असतं. बायोसमध्ये इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावानं सापडतं. ते चालू केलं की झालं. भाच्याच्या संगणकात नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकताना मी तेच केलं. एका दुकानात त्याला याच कारणासाठी मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं.

अठरा हजारांतून थोडे उरले. बहिणीच्या मशीनची मोटर त्यात बसली नाही, पण तिचे पैसे तिला व्हिडिओच्या पहिल्या दोन कामांतून परत मिळाले.

जुन्या भागांचं काय करायचं, तेही सांगतो. हार्ड डिस्क टाकू नका. ती साठवणीला ठेवा, लग्नांचे व्हिडिओ, घरातले फोटो तिच्यावर राहू द्या. पण एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका, तिचंही वय झालेलं आहे. जुना बिननावाचा एसएमपीएस दुसऱ्या गरजूला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि नव्या प्रत्येक वस्तूचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. एसएसडी आणि चांगल्या एसएमपीएसला तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. बिलाची शाई वर्षभरात उडते, म्हणून त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि खोक्यावरचा सिरियल नंबर त्या फोटोत येईल असा काढा.